हौद्याचा हिशेब

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला, रात्री साडेदहाला. "काका, झोपला नाही न्हवं? एक विचारायचं होतं." या वेळेला येणारा फोन आजारपणाचा नसेल तर गाडीचा असतो, हे उद्यमबागेत तीस वर्षं काढल्यावर मला कळतं.

झालं होतं असं. दादाच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला. मोबदला आला. सगळेच पैसे बँकेत ठेवण्यापेक्षा घरात एक चांगली गाडी यावी असं ठरलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे पुतण्याला हवी हायलक्स. दादाला शेताच्या कामाला येईल असं काहीतरी. आणि काकूला, म्हणजे पुतण्याच्या आजीला, गुडघा न दुखवता चढता येईल अशी गाडी.

"पिकअप घेतली की तिन्ही झालं, काका," तो म्हणाला.

हे वाक्य मी आता बऱ्याच तरुण मुलांकडून ऐकतो. कुणाचा गोव्यात होमस्टे असतो, कुणाची खानापूरकडे काजूची बाग, कुणाला नुसतंच सुट्टीत तंबू घेऊन हिंडायचं असतं. म्हणून या वेळचं सदर पिकअपवर. मोबदल्याचे पैसे एकदाच येतात, जमीन परत येत नाही, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी आकाराबद्दल. अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक फोटो पाठवतात, त्या 'फुल-साइज' पिकअप वेगळ्या. फोर्डची एफ-१५० चार दारांत घेतली तर लांबी ५.९ मीटरच्या आसपास आणि रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या वर. ती खडेबाजारात शिरली तर दुसऱ्या दिवशीच बाहेर निघेल. आपल्याकडे मिळणारी हायलक्स ५.३२५ मीटर लांब आणि १.८५५ मीटर रुंद. तिकडच्या मापाने ही मधली, आपल्या गल्लीच्या मापाने मात्र पुरेशी फुल. इसुझूची व्ही-क्रॉसही जवळपास तेवढीच.

पिकअप आपल्याला नवी नाही. टाटा २०७ वर माझ्या पिढीने लग्नाचं वऱ्हाडही नेलंय आणि भांडीही. मग स्कॉर्पिओची गेटअवे आली, टाटाची झेनॉन आली, पण घरच्या माणसांनी हौसेने घ्यावी अशी गाडी म्हणून लोक त्यांच्याकडे फारसे वळले नाहीत. २०१६ मध्ये व्ही-क्रॉस आली आणि २०२२ मध्ये हायलक्स. हायलक्सची सुरुवातीची किंमत ३३.९९ लाख होती, त्यानंतर ती बरीच खालीवर झाली, त्यामुळे आजचा आकडा शोरूममध्येच विचारा.

आता गाडी चांगली आहे का? आहे. यात दुमत नाही. फॉर्च्युनरचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएसची ताकद, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. जांबोटीवरून चोर्ला घाट चढताना ट्रकला मागे टाकायला गिअर शोधावा लागत नाही. सात एअरबॅग. खाली जाड चौकट, म्हणजे लॅडर फ्रेम. सातशे मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते, आणि दादाच्या शेताकडचा ओढा श्रावणात साधारण तेवढाच असतो. फोर-व्हील-ड्राइव्हची कळ आहे, मागच्या चाकांना डिफरन्शियल लॉक आहे. एक सूचना मात्र करतो, कारण नवीन घेणारे हमखास चुकतात: ही फोर-व्हील-ड्राइव्ह चिखलासाठी आणि निसरड्या मातीसाठी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून वळणं घेतली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात, टायर घासतात आणि खालची यंत्रणा ताणली जाते. रस्त्यावर टू-व्हील, शेतात फोर.

एवढं सगळं ऐकल्यावर पुतण्या खूश झाला. मग मी त्याला विचारलं, "हौद्यात काय घालणार?"

"रताळी की. काढणीला रोज यार्डात न्यायची."

"किती पोती?"

"टेम्पोत बसतात तेवढी. पंचवीस-तीस."

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. परदेशात हायलक्स टनभर माल वाहणारी म्हणून प्रसिद्ध आहे, तिथली चित्रं आपण पाहतो. पण आपल्याकडे ती खाजगी गाडी म्हणून, पांढऱ्या नंबरप्लेटवर विकली जाते, आणि कागदावरचं वजन त्या हिशेबाचं असतं. कुठलीही पिकअप घेण्याआधी दोन आकडे मागून घ्या: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्ही नोंदणीच्या कागदावर येतात. वजाबाकी करा. जे उरतं त्यात माणसंही आली, डिकीऐवजी लावलेलं झाकणही आलं आणि हौसेने बसवलेली लोखंडी सामग्रीही. समजा वजाबाकी साडेसातशे किलो आली. घरची पाच माणसं साडेतीनशे किलो. राहिले चारशे. पन्नास किलोची आठ पोती, आणि नवव्या पोत्याला कुणीतरी घरी थांबायचं.

बोलेरो पिकअपच्या नावातच १.३ टन किंवा १.७ टन लिहिलेलं असतं. १.३ टन म्हणजे तीच सव्वीस पोती. किंमत हायलक्सच्या जवळपासही नाही. पण तिची प्लेट पिवळी, आणि पुतण्याला पिवळ्या प्लेटची गाडी मित्राच्या लग्नाला न्यायची नाही. तो तसं बोलला नाही, पण मला कळलं. मलाही त्या वयात राजदूत नको होती, येझदीच हवी होती.

पांढऱ्या प्लेटचं आणखी एक. आपल्या गाडीतून शेजाऱ्याचा माल भाड्याने नेला, तर तो व्यवसाय झाला. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि खाजगी पॉलिसीवर दावा अडतो. "कधीतरी दोन पैसे सुटतील" हा हिशेब मनातूनच काढून टाका.

सीमाभागातल्या वाचकांना दुसरा मोह असतो, तो मोठा. कर्नाटकात वीस लाखांवरच्या खाजगी मोटारीला आजीवन कर १८ टक्के, त्यावर उपकर वेगळा. तीस लाखांच्या गाडीवर नुसता करच पाच लाख चाळीस हजार. मग चंदगडच्या मामांचा पत्ता आठवतो आणि गाडीला एमएच-०९ लागतं. मामा खरे आहेत, पत्ताही खरा आहे, पण गाडी राहणार बेळगावातच. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की नवी नोंदणी करून घ्यावी लागते आणि कर भरावा लागतो. तपासणीत सापडलात तर दंडाबरोबर दिवसही जातो. केए-२२ चाच भाव धरून बजेट करा, आणि तेवढ्यात बसत नसेल तर बसत नाही.

शोरूमवाल्यांनी गाडी चालवायला दिली. माझी पद्धत अशी, की नुसती हायवेवर दोन किलोमीटर पळवून आणायची नाही. जिथे ती रोज राहणार, तिथे न्यायची. दादाच्या घराची गल्ली मुळात बैलगाडीसाठी. वळायला हायलक्सला फॉर्च्युनरपेक्षा जास्त जागा लागते. फाटकातून आत घेताना तीनदा मागेपुढे करावी लागली, आणि आत गेल्यावर फाटक लागेना. गाडीचा फाळका बाहेर हातभर. पुतण्या म्हणाला, "फाटक पुढं सरकवूया." दादा काहीच बोलला नाही. दादा गप्प बसला की घरात सगळ्यांना कळतं.

मग काकूला बसवलं. पायरी उंच. एका हाताने आतलं हँडल, दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी ती चढली. चार दारांच्या पिकअपमध्ये मागच्या सीटच्या पाठीलाच हौद्याची भिंत येते. म्हणून ती पाठ जास्त कलत नाही, कारमधल्यापेक्षा सरळ असते. काकू पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "पाठ ताठ ठेवून बसायला ही काय शाळा हाय?"

त्यात रस्त्यावरचा गतिरोधक. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग असते, पिकअपला पाटे. पाटे वजनासाठी असतात. हौद्यात दोन-तीनशे किलो असेल तर गाडी शहाण्यासारखी चालते, रिकामी असली की मागून उडते. पुढे बसलेल्याला फारसं जाणवत नाही, मागच्याला जाणवतं. चाचणी घेताना तुम्ही मागे बसा आणि चालवायला दुसऱ्याला द्या. पावसात घाट उतरताना रिकाम्या हौद्याची मागची बाजू हलकी असते, तेव्हा वळणात ब्रेक दाबण्याची सवय असेल तर ती आधी मोडा.

सामानाचं काय? कारच्या डिकीत बॅग टाकली की विसरलो. हौद्यातली बॅग जूनमध्ये भिजते आणि बाकी वेळी कुणीतरी उचलतं. वर झाकण किंवा कॅनोपी लावावी लागते, त्याचे पैसे वेगळे, आणि वजन त्या चारशे किलोतलं.

इंजिनाबद्दल एक गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी आपणहून काढत नाही. बीएस-६ डिझेलला धुराची काजळी पकडणारी गाळणी असते, डीपीएफ. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी मधूनमधून बराच वेळ सलग, तापून चालावी लागते. दादाचं शेत घरापासून सहा किलोमीटर. रोज सकाळ-संध्याकाळ सहा-सहा किलोमीटर पळवली तर गाळणी तुंबते, दिवा लागतो, आणि लोक गाडीला शिव्या देतात. दोष गाडीचा नसतो. आठवड्यातून एकदा गोव्याकडे किंवा कोल्हापूरकडे नेत असाल तर काळजी नाही.

तर मग घ्यावी कुणी? ज्याचा हौदा आठवड्यातून दोनदा तरी भरतो, पण टनाने नाही. बागेतली खतं, होमस्टेचे गॅस सिलिंडर, जनरेटर, लाकडं, सायकली, कुत्री. ज्याचा रस्ता खरोखर वाईट आहे. ज्याच्या घरात म्हातारी माणसं बसवायला दुसरी गाडी आहे. आणि ज्याच्याकडे गाडी लावायला साडेपाच मीटरची जागा आहे. असा माणूस ती पंधरा वर्षं वापरेल आणि विकतानाही रडणार नाही. व्ही-क्रॉस त्यालाच थोड्या कमी पैशात बघता येईल. १.९ लिटरचं इंजिन, १६३ पीएस, ताकदीला हायलक्सहून कमी, पण रोजच्या कामाला अडणार नाही. फक्त सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब, ते आधी पाहा.

दादाच्या घराला माझ्या मते काढणीच्या दिवसांत भाड्याचा टेम्पो आणि बाकी वर्षभर एक साधी, बसायला खाली असलेली कार पुरते. टेम्पोचा तुमच्या गावातला दर घ्या, वर्षातल्या फेऱ्यांनी गुणा, आणि तीस लाखांचं नुसतं व्याज बाजूला मांडा. मी हे पुतण्याला तोंडी सांगितलं नाही. तोंडी सांगितलेलं त्या वयात लागत नाही, मलाही लागलं नव्हतं. मी त्याला दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, "महिनाभर गाडी आहे असं समज. ज्या दिवशी हौदा लागला असता त्या दिवशी तारीख लिही, काय घातलं असतं ते लिही. कार पुरली असती तर लिहायचं नाही."

रविवारी त्याचा फोन आला. या वेळी दुपारी.

"काका, चार दिवस झाले."

"कोणते?"

"दोन दिवस रताळ्याचं वेल आणलं. एकदा पाण्याची मोटर दुरुस्तीला नेली. आणि एकदा मित्राचा फ्रिज, अनगोळहून शहापूरला."

"मित्राचा धरायचा नाही."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मोटर स्कूटरवर पण गेली असती तसं."

वही अजून त्याच्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात काढणी सुरू होते, तेव्हा परत मोजूया असं ठरलंय. दादाने तोवर फाटकाला रंग लावून घेतला.