पिवळा दिवा आणि कुंभार्लीचा घाट

दरवर्षी दिवाळी अंकाच्या या पानावर मी आपल्यापुढे घरातली एखादी फजिती वाढीत असतो. यंदाची फजिती मोटारीची आहे. ती घडली २०१९ च्या भाऊबीजेला. पण आमच्या घरी अजूनही दर दिवाळीला फराळाच्या डब्यांबरोबर तीही बाहेर निघते. तेव्हा दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकलेली बरी.

माझा डावा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी क्लच सोडा म्हणून बजावले. म्हणून आम्ही एक जुनी, पण चांगल्या स्थितीतली ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. दांडा ‘डी’वर ठेवायचा, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा, की झाले! चार गिअर ती आपले आपण बदलते. मी इतका खूश झालो की, गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

त्या दांड्याला बाजूला एक छोटे बटण होते. नातवाने एकदा ते दाबले, आणि समोर पिवळा दिवा लागला: ‘ओ/डी ऑफ’. पिवळा दिवा म्हणजे काहीतरी बिघाड, एवढे ज्ञान मला होतेच. मी घाईघाईने बटण पुन्हा दाबले. दिवा विझला, जीव भांड्यात पडला. “याला हात लावायचा नाही!” असा हुकूम मी त्याच दिवशी घरात काढला.

भाऊबीजेला आम्ही पुण्याहून चिपळूणला, माझ्या धाकट्या बहिणीकडे निघालो. मागच्या आसनावर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, तिच्या मांडीवर अनारशांचा डबा, शेजारी नातू. पुढे मी आणि सौभाग्यवती. खंबाटकीचा घाट चढू लागलो, आणि गाडीने विचित्र खेळ मांडला. इंजिन एकदम ओरडे, मग गप्प होई, गाडी मरगळे, की पुन्हा ओरडे.

“अहो, गाडीला उचकी लागलीय का?” सौभाग्यवतींनी विचारले.

“कोणी आठवण काढत असेल,” मी म्हणालो. विनोद बरा होता, पण मनात चुटपुट लागून राहिली.

उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर मागे टाकले आणि कुंभार्लीचा घाट उतरू लागलो. आता चढ नाही, उतारच उतार, उचकी थांबली. गाडी कशी लोण्यासारखी चालली होती! फक्त ती आपोआप वेग घेई आणि प्रत्येक वळणाला मला ब्रेक दाबावा लागे. पहिली दहा-बारा वळणे गंमत वाटली. मग करपल्यासारखा वास येऊ लागला.

“अनारसे करपल्यासारखा वास येतोय,” आई म्हणाली.

“आई, ते डब्यात आहेत. डबा तुमच्याच मांडीवर आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या.

पुढच्या वळणावर मी ब्रेक दाबला, तो नेहमीपेक्षा बराच खाली गेला, आणि गाडी मात्र हवी तशी आवरेना. वाचकहो, त्या दोन-तीन क्षणांत मला काय वाटले ते मी घरात आजवर कुणाला सांगितलेले नाही. डावीकडे दरी होती आणि मागे आई होती. दोन्ही पाय देऊन ब्रेक दाबला, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि पुढच्या रुंद जागेत, उभ्या असलेल्या एका ट्रकच्या मागे कशीबशी गाडी थांबवली. पुढच्या चाकांतून धूर येत होता.

मी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावलो. तेवढ्यात ट्रकवाला ओरडला, “काका, पाणी मारू नका! डिस्क वाकडी होईल. नुसती उभी ठेवा अर्धा तास.”

मग त्याने आत डोकावून पाहिले. पूर्वी तो कुणा मालकाकडे अशीच गाडी चालवीत असे. “घाट कुठल्या गिअरात उतरलात?”

“ती आपोआप बदलते ना,” मी म्हणालो.

“तिला काय ठाऊक पुढं वळण आहे ते? तिच्या चाकाखाली जेवढा रस्ता, तेवढाच तिला कळतो. पुढचा तुम्हाला दिसतो.” त्याने ते छोटे बटण दाखवले. “हे दाबायचं. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. आमचा नियम तोच, तुमचाही तोच.”

अर्ध्या तासाने बटण दाबून, पिवळा दिवा डोळ्यांसमोर ठेवून मी निघालो. जिथे उतार फारच उभा, तिथे दांडा ‘२’वर घेतला. इंजिन घुमू लागले आणि गाडीला जणू कोणी मागून धरून ठेवले. ब्रेक फक्त वळणापुरता. पोफळीला सपाटीवर आलो, तेव्हा कुठे सौभाग्यवतींनी दाराच्या मुठीवरचा हात काढला. चिपळुणात आधी मिस्त्रीकडून ब्रेक तपासून घेतले आणि मगच ओवाळणीच्या पाटावर बसलो.

त्या रात्री ती पुस्तिका पिशवीतून बाहेर निघाली. तिच्यातले शास्त्र मला कळले ते नातवाच्या गिअरच्या सायकलीमुळे. सायकलीची साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रीवर घेतली, की पाय सावकाश फिरतात आणि सायकल भरधाव जाते. सपाटीवर मोठी मौज! पण त्याच चक्रीवर पर्वती पायथ्याचा चढ चढून पाहा. पाय जागच्या जागी थांबतील. ओव्हरड्राइव्ह म्हणजे मोटारीची ती लहान चक्री. आमच्या गाडीच्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा, तर गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या दांड्याचाही एक फेरा. चौथ्यात, म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये, इंजिनाचे साधारण सात फेरे होतात तोवर तो दांडा दहा फेरे घेतो. म्हणजे ज्या वेगाला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेई, त्याच वेगाला चौथ्यात सुमारे २१०० पुरतात. पेट्रोल वाचते, आवाज कमी होतो, इंजिनाची झीजही कमी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर असे गिअर ऑटोमॅटिक गाड्यांत सर्रास आले, ते याच काटकसरीसाठी.

पण काटकसरी गिअरात जोर नसतो. चढावर गाडी चौथ्यात जाते, दम पुरत नाही म्हणून तिसऱ्यात येते, जरा दम आला की पुन्हा चौथ्यात. हीच ती खंबाटकीची उचकी. तिने गिअरपेटीतले तेल विनाकारण तापते. आणि उतारावर त्या गिअरात इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही. सगळा भार ब्रेकवर पडतो.

तेव्हा माझ्या अनुभवाचे सार एवढेच. सपाट रस्त्यावर, गावात असो की महामार्गावर, ओव्हरड्राइव्ह चालू ठेवावा. म्हणजे दिवा विझलेला. लांब चढ, लांब उतार, भरगच्च ओझे, किंवा दुपदरी रस्त्यावर एखादा ट्रक मागे टाकायचा असेल, तर बटण दाबून तो बंद करावा. म्हणजे दिवा लागलेला. त्यासाठी गाडी थांबवावी लागत नाही, मात्र उतार सुरू होण्यापूर्वी, वेग कमी असताना दाबावे. काम झाले की आठवणीने पुन्हा चालू करावा, नाहीतर पेट्रोलपंपावर आठवण होते. स्थिर दिवा म्हणजे बिघाड नव्हे; तो लुकलुकू लागला, तर मात्र मिस्त्री गाठावा. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल तर कधीच करू नये. आताच्या पुष्कळ गाड्यांत हे बटणच नसते; तिथे दांड्यावर ‘एल’, ‘एस’ किंवा अधिक-उण्याची खूण असते. काम तेच.

परतताना कुंभार्ली चढलो, तो पिवळा दिवा लावूनच. गाडीला एकदाही उचकी लागली नाही. माथ्यावर आल्यावर मी बटण दाबले; दिवा विझला आणि इंजिनाचा आवाज खाली आला.

“आता कशी शहाण्यासारखी चालतेय,” आई मागून म्हणाली. गाडीला म्हणाली की मला, हे मी विचारले नाही.

आई आता आमच्यात नाही. पण घाट आला की माझा अंगठा आपोआप त्या बटणावर जातो, आणि मागच्या आसनावर कोणी अनारशांचा डबा घेऊन बसले आहे, असे वाटते. दिवाळीनिमित्त आपणही गावी निघाला असाल, तर पुस्तिका पिशवीतून काढून एकदा वाचा, आणि सावकाश घाट उतरून सुखरूप ओवाळणीच्या पाटावर बसा. शुभ दीपावली!