दान बाईचे, हिशेब कोणाचा?

चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहताना आपण अहिल्याबाईंच्या भक्तीचे गोडवे गातो. काशी, सोमनाथ, घाट, विहिरी, अन्नछत्रे! परंतु ज्या क्षणामुळे हे सारे शक्य झाले, तो क्षण आपण विसरतो. १७६७ साली मालेराव वारले, तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले, की दत्तक घ्यावा आणि बाईंनी स्वतंत्र नेमणूक घेऊन स्वस्थ राहावे. थोडक्यात, पुण्य तुमचे, तिजोरी आमची! बाईंनी ते धुडकावले आणि १७९५ पर्यंत कारभार स्वतः पाहिला. त्यांच्या दानामागे हिशेबाची वही होती.

ही गोष्ट केवळ मराठी मुलखाची नव्हे. ज्या पेर्गे नगरात संत पौलाने वचन सांगितले, तेथेच सुमारे सत्तर वर्षांनी प्लांसिया माग्ना या धनाढ्य स्त्रीने नगरद्वार नव्याने सजविले. तेथील शिलालेखात तिच्या पित्याची ओळख ‘प्लांसिया माग्नाचा पिता’ अशी आहे. नगराचे श्रेष्ठ अधिकारपदही तिने भूषविले. तिच्याकडून नुसता पैसा घेऊन नगराने तिला दाराबाहेर उभे केले नाही.

आणि आपली ख्रिस्तसभा? लूक सांगतो, की योहान्ना, सुसान्ना व इतर स्त्रिया आपल्या मालमत्तेतून येशूची व शिष्यांची सेवा करीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबीला ‘प्रोस्तातिस’ म्हणतो, म्हणजे आश्रयदाती. कित्येक भाषांतरांत तिची नुसती ‘मदतनीस’ झाली. आश्रय देणारीला मदतनीस करण्याची ही खोड अजून आपल्या हाडीमाशी खिळली आहे.

कोणी म्हणेल, दान गुप्त असावे; उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. मान्य! मग मंदिराच्या भिंतीवरच्या पुरुषांच्या नावांना हा नियम का लागत नाही? कोणी म्हणेल, श्रीमंत बायांची ही कौतुके गरीब धर्मग्रामाला काय कामाची? परंतु प्रभूने दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेलाच सर्वांत मोठी दाती ठरविले. तिचा हक्क थैलीच्या वजनावर तोलायचा नसतो.

धर्मग्रामाच्या सणाला घरोघर फिरून वर्गणी कोण जमवते? शिलाई करून, कोंबड्या-अंडी विकून छपराच्या पत्र्यांना पैसे कोण देते? आणि त्या पैशाचे काय करायचे, हे ठरविताना किती बाया बसलेल्या असतात? १९८३ च्या कॅनन कायद्याचे ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावीच, असे सांगते. स्त्रियांना त्यात मज्जाव नाही. मज्जाव आपल्या मनात आहे.

आम्हांला संगमरवरी पाटी नको. हिशेबाच्या वहीसमोर एक खुर्ची हवी. अहिल्याबाईंना पुण्यश्लोक म्हणायचे आणि आपल्या घरच्या बाईला ‘तू फक्त वर्गणी आण’ असे सांगायचे, हा दिवाणी सल्ला आता पुरे झाला.