काम काढून घेऊ नका!

ऑफिसात कुणाला मोठं आजारपण आलं की आपण दोन वाक्यं हमखास बोलतो. पहिलं, ‘टेक केअर, कामाचं बघू आम्ही.’ आणि तो माणूस तरीही कामावर आलाच, तर दुसरं, ‘यार, काय फायटर आहे!’ दोन्ही अगदी मनापासून. पण मला हल्ली दोन्ही खटकतात.

माझ्या एका मैत्रिणीची केमो चालू होती. तिच्या कंपनीने मोठ्या प्रेमाने तिचा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला, मीटिंगचे मेलही बंद केले. बाईसाहेब भडकल्या. म्हणाली, ‘‘अरे, केस गेलेत माझे, डोकं नाही!’’

तेव्हा मला रहीमसाहेब आठवले. सय्यद अब्दुल रहीम. 2024 साली आलेल्या ‘मैदान’मध्ये अजय देवगणने रंगवलेले, तेच. हैदराबादचा हा माणूस मुळात शाळामास्तर. शाळेच्या मैदानावर पोरांना खेळवता खेळवता 1950 साली हैदराबाद सिटी पोलीसचा कोच झाला आणि या टीमने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 सलग पाच वर्षं उचलून नेला! 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांचीच टीम चौथी आली. त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक ठोकणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा.

त्यांचा फंडा मास्तरी होता. ज्याचा उजवा पाय चालतो, त्याने फक्त डाव्याने खेळायचं, अशाही स्पर्धा त्यांनी भरवल्या. जे जमत नाही त्याचीच प्रॅक्टिस!

आता 1962 ची जकार्ता एशियाड. फुफ्फुसांच्या कॅन्सरने रहीमसाहेबांना गाठलं होतं. त्यात पहिलीच मॅच साउथ कोरियाने आपल्याला 2-0 अशी हरवली. वर इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवण्यावर आपले क्रीडा प्रशासक सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने तिथलं पब्लिक भारतावर खवळलेलं. डिफेंडर जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले, गोलकीपर थंगराज फ्लूने आडवा.

तुमचा-माझा बॉस काय म्हणाला असता? ‘टेक केअर.’

रहीमसाहेबांनी जर्नेलला घरी बसवलं नाही, पण त्याला होता तिथेच राबवलंही नाही. त्यांनी त्याची जागा बदलली. टाके घातलेला हा डिफेंडर सेमीफायनलला सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरला आणि त्याने गोल केला. 4 सप्टेंबरला फायनल, समोर पुन्हा कोरिया. स्टेडियममध्ये लाखभर माणसं विरोधात. आपल्या बाजूने ओरडत होती ती चक्क पाकिस्तानची हॉकी टीम! थंगराज गोलमध्ये परतला होता. एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा पुन्हा जर्नेलचा. 2-1. गोल्ड. त्यानंतर एशियाडच्या फुटबॉलमध्ये आपल्याला गोल्ड मिळालेलं नाही.

11 जून 1963 ला रहीमसाहेब गेले. वय जेमतेम 53.

या गोष्टीला ‘आजाराशी झुंज’ म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे. मला त्यात झुंजीपेक्षा कामाचा हिशेब दिसतो. आज कोण काय करू शकतो? ते कुठे उपयोगी पडेल? जर्नेलच्या बाबतीत त्यांनी हाच प्रश्न विचारला. आणि स्वतःच्या बाबतीतही, असं मला वाटतं. शरीर साथ सोडत होतं, पण टीम वाचणारी नजर शाबूत होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी फायनल काढली.

आता, बॉसलोकहो, याचा अर्थ सलाइन लावलेल्या माणसाला डेडलाइनचे फोन करा असा नाही हं! ज्याला झोपून राहायचंय, त्याला खुशाल झोपू द्या. आजारी माणसावर हिरो व्हायची सक्ती कशाला? पण ठरवू दे त्याचं त्याला.

मैत्रिणीने शेवटी भांडून आठवड्याचे दोन दिवस मिळवले. घरून, नव्या पोरांचं काम तपासायचं. परवा फोन केला, तर म्हणते, ‘‘नंतर बोलू गं, एकाने भयंकर घोळ घातलाय.’’ कित्येक महिन्यांत इतका खणखणीत आवाज ऐकला नव्हता तिचा.

तेव्हा पुढच्या वेळी ‘टेक केअर’ जरूर म्हणा. फक्त त्याच्या पुढे एवढं विचारा, ‘तुला काय करावंसं वाटतंय?’