साधेपणा आणि गबाळेपणा



आपल्या मराठी घरांत 'साधेपणा' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. शर्टाचे बटण महिनाभर तुटलेले आहे, चपलेला सेफ्टीपिन लावली आहे, पॅन्टची शिवण उसवली आहे. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले : 'आम्ही साधी माणसे, आम्हाला दिखावा जमत नाही.' वेष बावळा असला तरी चालेल, अंगी गुण हवेत, ही शिकवण आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. ती चुकीची नाही. पण तिने आपल्याला गुण मिळवायला सांगितले, तुटलेले बटण तसेच ठेवायची सवलत काही दिलेली नाही. साधेपणा वेगळा आणि गबाळेपणा वेगळा. या दोहोंत जो फरक आहे तो पैशाचा मुळीच नाही, असे मला या लेखात मांडायचे आहे.

साधेपणा कसा असतो ते पाहायचे तर इंदूरकरांना लांब जायला नको. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अहिल्याबाईंचे चित्र आहे. डोक्यावर पदर, पांढरे साधे वस्त्र, हातात शिवलिंग. दागिन्यांचा सोस नाही, पण गबाळेपणाही कुठे नाही. गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) अंगावर तर ठिगळे जोडलेले कपडे असत, हातात मात्र खराटा. ज्या गावी जातील त्या गावाचे रस्ते ते आधी झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. ठिगळ हे गरिबीचे लक्षण असेल, पण अस्वच्छतेचे नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून कळत असे.

आपल्या शेजारच्या महूला १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर हा विषय थेट स्वाभिमानाशी जोडला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहाच्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यात लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत, स्वच्छता कशी राखावी, असे अगदी घरगुती विषय होते. एवढ्या मोठ्या लढ्याच्या ऐन धामधुमीत त्यांनी कपड्यांवर वेळ का घालवला असेल ? ज्या राहणीवरून जगाने माणसाला कमी लेखले, ती राहणी आपल्या हाताने बदलता येते, हे त्यांना सांगायचे होते. कपड्यांचा विषय उथळ आहे असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा जरूर विचार करावा.

आता आपल्या शाळेकडे वळू. वक्तृत्व स्पर्धेला नाव देऊन आयत्या वेळी मागे घेणारी मुले दरवर्षी असतात. भाषण पाठ असते, उच्चार स्वच्छ असतात. पण सदऱ्याची कॉलर फाटलेली असते आणि मंचावर सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाईल अशी भीती वाटते. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतच राहू द्या म्हणणारी मुले असतात. पालकसभेला 'काम आहे' असा निरोप पाठवणाऱ्या काही आयांचे खरे कारणही घालायला धड कपडे नाहीत हे असते. ही मुले आणि या आया काही बोलून दाखवत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या कोणीतरी बोलायला हवे. ज्या मुलाला मराठी उत्तम बोलता येते ते जर कॉलरपायी गप्प बसणार असेल, तर आपण या शहरात पिढ्यान्पिढ्या मराठी शाळा कशासाठी चालवतो आहोत ?

यावर काही घरांत जो उपाय होतो तो म्हणजे खरेदी. सणाला पाच कपडे एकदम घ्यायचे, मोबाईलवर स्वस्तातला टी-शर्ट दिसला की मागवायचा. चार धुण्यांत तो आक्रसतो, त्याची शिवण तिरपी होते, आणि पुन्हा गबाळेपणा तो गबाळेपणाच. पैसे मात्र गेलेले असतात.

आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सतत वरच्या स्थानावर आहे. ते काय नवे रस्ते विकत आणून स्वच्छ झाले ? रोज सकाळी गाडी दारात येते, ओला-सुका कचरा वेगळा द्यावा लागतो, रात्री रस्ते झाडले जातात. रोजचे छोटे काम न चुकता केले, एवढेच. तोच नियम अंगावरच्या कपड्यांना लावून पाहा. आठवड्यातून एक तास, बहुधा रविवारी सकाळचा, घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचा. त्या तासात करायची कामे अशी :

पहिले काम दुरुस्तीचे. कपडा धुण्याच्या आधी पाहायचा, कारण उसवलेली शिवण धुण्यात आणखी उसवते. बटण लावताना ते कापडाला अगदी चिकटवू नये. बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालावेत, मग काडी काढून, सैल झालेला दोरा बटणाखाली दोन-तीन वेळा गुंडाळून गाठ मारावी. असे बटण काजात नीट बसते आणि लवकर तुटत नाही. पॅन्टची दुमड सुटली असेल तर साधी तुरपाई पुरते. मुलांची पॅन्ट किंवा स्कर्ट शिवतानाच खाली दोन-तीन इंच जास्त दुमड ठेवायला सांगावी. पुढच्या वर्षी ती उलगडून उंची वाढवता येते. चेन अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासावी. स्वेटरवर गोळे आले असतील तर कपडा सपाट ठेवून जुन्या रेझरने अगदी हलक्या हाताने काढावेत. या सगळ्याला सुई, दोरा आणि थोडा धीर एवढेच लागते.

दुसरे काम धुण्याचे. कॉलर आणि बाह्यांच्या कडा मळतात त्या घामाने आणि तेलाने. तो भाग ओला करून साबणाची वडी चोळून पंधरा मिनिटे ठेवावा, मग मऊ ब्रशने घासावा. राकट ब्रशने मळ निघतो खरा, पण कॉलरचे धागेही निघतात. मुलांच्या डोक्याला तेल सकाळी थापण्याऐवजी रात्री लावले तर कॉलरचे निम्मे दुखणे कमी होते. पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यावी. ती मळ काढत नाही, फक्त पिवळेपणा झाकते, म्हणून कपडा आधी स्वच्छ धुतलेला हवा. ब्लीच मात्र वारंवार वापरू नये, सुती धागा कमजोर होतो. गडद रंगाचे कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. शर्ट जोरात झटकून हँगरला लावून वाळवला तर इस्त्रीचे बरेच काम वाचते. टेरीकॉटच्या पॅन्टवर गरम इस्त्री थेट फिरवली की चकाकी येते आणि कपडा जुनाट दिसतो. मध्ये जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा पातळ सुती तुकडा घालावा. सुती साडीला किंवा सदऱ्याला भाताच्या पेजेची खळ दिली तर जुना कपडाही ताठ दिसतो. आपल्या आज्या हेच करत आल्या, त्यासाठी वेगळा खर्च नाही.

तिसरे काम पायांचे. माणूस कितीही नीटनेटका असो, बूट धुळीने माखलेले असले की सगळे व्यर्थ. पॉलिशच्या आधी धूळ झटकावी, पॉलिश पातळ लावावे, थोडे वाळू द्यावे, मग ब्रश मारावा. पावसात भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत ठेवावेत. शेगडीपाशी वाळवले तर चामड्याला भेगा पडतात. टाच एका बाजूने झिजू लागली की लगेच मोच्याकडे न्यावे. झीज वरपर्यंत गेल्यावर त्याच्याही हातात काही उरत नाही. नवी लेस ही तर अगदी किरकोळ खरेदी आहे, पण तिने जुना बूटही सुधारतो.

हे सगळे झाल्यावरच खरेदीचा विचार करावा, आणि तोही क्रमाने. आधी आहेत ते कपडे शिंप्याकडून अंगाबरोबर करून घ्यावेत. ढगळ शर्टाच्या बाजू आत घेता येतात, लांब बाह्या कमी करता येतात. खांदा मात्र सहजी बदलता येत नाही. म्हणून नवा किंवा कोणाकडून आलेला शर्ट घेताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते का, हे आधी पाहावे. मग एकमेकांवर चालतील असे दोन-तीन साधे रंग ठरवून घ्यावेत. दोन पॅन्ट आणि चार शर्ट एका मेळातले असले तर आठ जोड्या होतात. सहा भडक कपडे एकमेकांशी जुळत नसतील तर एकही धड होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टापटीप म्हणजे गोरेपणा नव्हे, सरळ केस नव्हेत आणि छातीवर कंपनीचे नाव तर नव्हेच. मुलींना गोरे होण्याची क्रीम लावायला सांगणे आणि त्याला नीटनेटकेपणा म्हणणे हे शुद्ध अन्यायाचे आहे. ज्या गोष्टी मुलाच्या हातात आहेत, म्हणजे नखे, केस विंचरणे, धुतलेला रुमाल, लावलेले बटण, तेवढ्याचीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी.

काही पालक म्हणतील, मुलांचे लक्ष आरशाकडे गेले तर अभ्यासाचे काय ? माझे मत उलटे आहे. ज्याची बाही उसवलेली आहे तोच दिवसभर बाहीचा विचार करतो. तयारी एकदा नीट झाली की मूल स्वतःला विसरून फळ्याकडे पाहू शकते. दुसरा आक्षेप वेळेचा. आई-वडील दोघेही नोकरीला जातात, हे खरे आहे. म्हणूनच हे काम एकट्या आईवर टाकू नये. बाबांनी बूट घेऊन बसावे, मुलाने बटण लावावे, मुलीने इस्त्री करावी, पुढच्या रविवारी कामांची अदलाबदल करावी. मुलगा आहे म्हणून सुई हातात घ्यायची नाही, हा नियम कोणत्याही शास्त्रात लिहिलेला नाही. बाजारातले निम्मे शिंपी पुरुषच आहेत.

शेवटी शाळेकडे आणि पालक-शिक्षक संघाकडे माझ्या चार मागण्या आहेत.

एक, गणवेश नीट नसलेल्या मुलाला प्रार्थनेच्या रांगेतून सर्वांसमोर बाहेर काढू नये. वर्गशिक्षकांनी त्याला बाजूला घेऊन कारण विचारावे. रांगेत मिळालेली लाज मूल वर्षानुवर्षे विसरत नाही, आणि तिने बटण काही लागत नाही.

दोन, सहावी ते आठवीच्या सर्व मुला-मुलींना महिन्यातून एक तास हातकामाचा द्यावा : बटण, तुरपाई, इस्त्री, पॉलिश. परीक्षा नको, गुण नकोत. वर्षाअखेरीस प्रत्येकाला स्वतःचा गणवेश स्वतः सांभाळता आला की झाले.

तीन, गणवेशाची पेटी सुरू करावी. लहान झालेले गणवेश धुऊन, दुरुस्त करून मापाप्रमाणे तिच्यात ठेवावेत. पण ही पेटी 'गरजूंसाठी' अशी पाटी लावून ठेवू नये. तशी पाटी लावली तर ज्याला खरी गरज आहे तोच तिच्याकडे फिरकणार नाही. सत्र संपताना सर्वांनीच द्यायचे आणि सत्र सुरू होताना ज्याला माप जुळेल त्याने घ्यायचे. डॉक्टरांच्या मुलानेही त्यातून घ्यावे. मग कोण देतो आणि कोण घेतो हे कोणी मोजणार नाही.

चार, वाढदिवसाला रंगीत कपडे घालून येण्याची पद्धत बंद करावी. ज्याच्याकडे नवा कपडा नाही त्याला स्वतःचाच वाढदिवस लपवावा लागतो. वाढदिवसाच्या मुलाने स्वच्छ गणवेशात यावे, वर्गाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, पुरे.

यातली कोणतीही मागणी खर्चाची नाही. पेटी शाळेच्या जुन्या सामानात मिळेल, शिकवायला आपल्यातल्याच दोन-चार आज्या आणि एखादे शिंपीकाका आनंदाने येतील. संघाच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. सभेला येताना प्रत्येकाने घरातला एक लहान झालेला, धुतलेला, बटणे लावलेला गणवेश सोबत आणला तर पेटीची सुरुवात त्याच दिवशी होईल.