शोधगंगेला घाट हवा

विद्यापीठांतील संशोधन कपाटात धूळ खात पडू नये, ते सर्वांच्या हाती यावे, या सद्हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली एक चांगला नियम केला. पीएच.डी.चा प्रबंध सादर करणाराने त्याची संगणकीय प्रतही द्यावी व ती सर्वांना विनामूल्य पाहावयास मिळावी, असे ठरले. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने त्यासाठी जे भांडार उभारले त्याला ‘शोधगंगा’ हे समर्पक नाव मिळाले, आणि आज देशभरच्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध त्या प्रवाहात येऊन मिळाले आहेत. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु गंगा भूतलावर आली म्हणजे सर्व काही झाले असे नाही. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरापासून काशीपर्यंत घाट बांधले, ते नदीला पाणी नव्हते म्हणून नव्हे. थकल्याभागल्याचा पायही पाण्यापर्यंत सुखरूप पोचावा म्हणून. आमच्या विद्यापीठांच्या ज्ञानप्रवाहाला असा घाट जागोजागी नाही, आणि अंध विद्यार्थी काठावरच तिष्ठत उभा आहे. ही गोष्ट आज आम्ही अधिकाऱ्यांच्या कानी घालू इच्छितो.

अंध माणूस संगणक कसा वापरणार, असा प्रश्न अद्यापही पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर सोपे आहे. ‘स्क्रीन रीडर’ नावाची प्रणाली पडद्यावरील मजकूर त्याला वाचून दाखवते. ही प्रणाली आता विनामूल्यही मिळते व मराठीही वाचते. तिची अट एकच : समोर अक्षरे हवीत, अक्षरांचे चित्र नको. घोडे पेंड खाते ते येथेच. कित्येक प्रबंध हे कागदी पानांची छायाचित्रे काढून केलेल्या फायली आहेत. डोळस माणसाला त्यांत अक्षरे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते पान म्हणजे नुसते चित्र. परिणामी तीनशे पानांचा प्रबंध अंध संशोधकापुढे तीनशे कोऱ्या पानांसारखा उघडतो.

मराठी प्रबंधांची अवस्था तर याहूनही विचित्र. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या, आणि काही ठिकाणी आजही वापरात असलेल्या, टंकांत देवनागरी अक्षराचे केवळ रूप रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते. पानावर ‘ज्ञानेश्वरी’ दिसते. परंतु यंत्राला तेथे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन ढीग सापडतो, आणि तोच ते इमानेइतबारे वाचून दाखवते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ साली मिळाला, त्याचा आनंद आम्हांसही झाला. पण त्या भाषेतील संशोधन तिच्याच एका लेकराच्या कानापर्यंत पोचत नसेल, तर त्या गौरवाला उणेपण येते.

हा प्रश्न केवळ अंधांचा आहे असेही कोणी समजू नये. ध्वनिमुद्रित व्याख्यानाखाली शब्द लिहिलेले नसतील तर कर्णबधिर विद्यार्थ्याला ते मुके ठरते. ज्याचे हात थरथरतात त्याला माउसवाचून, केवळ कळफलकावर, संकेतस्थळ चालवता आले पाहिजे. आणि दाराशीच वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याचे चित्रकोडे घातले व त्याला ध्वनीचा पर्याय ठेवला नाही, तर अंधाने आत शिरावे तरी कसे?

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या आणि संगणकीय मजकूर त्यांना सुगम करून देण्याचे कर्तव्यही शासनावर टाकले. लेखनाधिकाराची सबब पूर्वी सांगितली जाई. २०१२ च्या दुरुस्तीने तीही उरली नाही. अंध वाचकांसाठी झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारे जगातील पहिले राष्ट्र भारतच होते, तेही २०१४ साली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सांगितले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीदाखल ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रवेश द्यावयाचा आणि ग्रंथालय मात्र बंद ठेवावयाचे, याला यापुढे कायद्याचा आधार नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, असे विद्यार्थी आहेत किती? २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली. त्यांतले संशोधनापर्यंत थोडे पोचतात हे खरे. परंतु दार बंद ठेवून, आत कोणी येत नाही म्हणून दार उघडण्याची गरज नाही, असे म्हणणे हा कोठला न्याय? दुसरा आक्षेप खर्चाचा. तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाला तेथील न्याय खात्याने २०१६ साली असाच दोष दाखवला, तेव्हा त्या संस्थेने २०१७ साली वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने सार्वजनिक दर्शनातून काढूनच घेतली. एकाला मिळत नाही म्हणून कोणालाच नको, ही समता नव्हे. उलट कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘अर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या भांडाराने दिव्यांग वाचकांची गाऱ्हाणी ऐकून डिसेंबर २०२३ पासून नवे निबंध सहज वाचता येतील अशा रूपातही देण्यास आरंभ केला. आम्ही कोणता कित्ता गिरवावयाचा, हे सांगावयास नकोच.

खर्चाची खरी मेख अशी की, काम आरंभी केले तर जवळजवळ फुकट होते, नंतर केले तर महागात पडते. प्रबंध लिहितानाच तो युनिकोडमध्ये टंकित करणे, मथळ्यांना मथळे म्हणून खूण करणे, आकृतीखाली दोन ओळींचे वर्णन देणे, याला विद्यार्थ्याचे चार-दोन दिवस पुरतात. तेच काम वीस वर्षांनी करावयाचे तर प्रत्येक पान हाताळावे लागते. म्हणून आमची विद्यापीठांना मागणी अगदी थोडी आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून यंत्राला वाचता न येणारा एकही प्रबंध स्वीकारू नये. जुन्या प्रबंधांपैकी जो कोणी दिव्यांग वाचक मागेल, तो ठरावीक मुदतीत वाचनीय करून द्यावा, आणि त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकावी. नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी अंध व अन्य दिव्यांग वापरकर्त्यांकडून, योग्य मानधन देऊन, ते तपासून घ्यावे. ठेकेदाराच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नये. जोडा कोठे चावतो हे घालणारालाच कळते.

यांत दयेचा प्रश्न यत्किंचितही नाही. हे संशोधन जनतेच्या पैशावर होते आणि अंध नागरिकही त्या जनतेतच मोडतो. त्याला त्याचे हक्काचे पाणी द्यावयाचे आहे, तीर्थाचा प्रसाद नव्हे. प्रवाह आमच्या अंगणापर्यंत आला आहे. चार पायऱ्या बांधण्याचे काम तेवढे उरले आहे. ते जो कुलगुरू प्रथम हाती घेईल, त्याचे नाव दीक्षान्त समारंभातील भाषणांपेक्षा अधिक काळ टिकेल.