इमारतींचे दप्तर एक हवे

कात्यायनीच्या डोंगरातून उतरणारे पाणी अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याचा तलाव बांधला गेला आणि त्याने करवीरनगरीची तहान पिढ्यान्‌पिढ्या भागविली. कळंबा हे शहराबाहेरचे खेडे होते, तो काळ आता मागे पडला. शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. यास आमची हरकत नाही. वाढत्या संसारांस छप्पर हवेच. तथापि या प्रत्येक इमारतीची खरी माहिती कोणाजवळ आहे, आणि गरज पडेल त्या घटकेस ती हाती येईल काय, हा प्रश्न आम्ही आज नागरिकांपुढे व अधिकाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

आजची स्थिती काय आहे? नकाशा वास्तुरचनाकाराजवळ, खांब-तुळयांचा हिशेब अभियंत्याजवळ, मंजुरीची प्रत नगररचना कार्यालयात, ना-हरकत दाखला अग्निशमन दलाजवळ, मोजणी भूमिअभिलेख खात्यात आणि आयत्या वेळी केलेले फेरफार ठेकेदाराच्या डोक्यात! एकाचा कागद दुसऱ्यास ठाऊक नसतो. काम चालू असता जिना सरकतो, नळासाठी तुळई फोडली जाते, खोलीची भिंत हलते. पण ते नकाशावर चढतेच असे नाही. मग मंजूर झालेली इमारत एक आणि उभी राहिलेली दुसरीच, असा प्रकार होतो. घर घेणारा गृहस्थ आयुष्याची पुंजी ओततो, ती या दुसऱ्या इमारतीत.

ही केवळ कारकुनी अडचण नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत कोसळून १६ जीव गेले. ती इमारत पुरती दहा वर्षांचीही नव्हती. अशा ढिगाऱ्यात माणसे शोधताना जिना कोठे होता व खांब कोठे होते, हे सांगणारा बिनचूक नकाशा तत्काळ मिळणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. आमच्या शहराची जखमही ताजी आहे. शाहू महाराजांनी उभारलेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. जुन्या वास्तूची मापे, लाकूडकाम, ध्वनियोजना यांची साद्यंत नोंद आगीपूर्वीच सुरक्षित असेल, तरच जळालेले रूप पुन्हा उभारता येते. हा धडा उर्वरित वास्तूंसाठी तरी आपण घेणार आहोत की नाही?

लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर झालेल्या सरकारी समीक्षेने उंच निवासी इमारतींची माहिती आराखड्यापासून अखेरपर्यंत संगणकावर अखंड ठेवावी, अशी शिफारस केली आणि २०२२ च्या कायद्याने तेथे ते बंधन आले.

असे सामाईक दप्तर चालते कसे? त्यात तुळई ही कागदावरची नुसती रेघ नसते. तिचे माप, तिचे साहित्य, तिची जागा व तिचा खर्च या सर्वांची ती एक नोंद असते. नोंद एकदा बदलली की प्रत्येक नकाशात व प्रत्येक हिशेबात ती बदललेली दिसते. आपल्याच राज्यात नागपूर मेट्रोच्या बांधणीत आराखडा, वेळापत्रक व खर्च यांची अशी सांगड घातली गेली. मेट्रोस जे साधले, ते नगराच्या घरांस का साधू नये?

यावर दोन आक्षेप येतील. छोट्या अभियंत्यास महागडी संगणकप्रणाली परवडणार नाही, हा पहिला. तो रास्त आहे. म्हणूनच हे दप्तर कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नमुन्यात असू नये. ‘आयएफसी’ हा खुला नमुना २०१३ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य आहे. त्याचाच अंगीकार व्हावा आणि प्रशिक्षणाचा भार शासनाने उचलावा. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. कोणाच्या शयनगृहाचा नकाशा चव्हाट्यावर यावा, असे आम्ही म्हणत नाही. ज्यास जेवढा अधिकार, त्यास तेवढेच दप्तर उघडावे.

महानगरपालिका, २०१७ मध्ये स्थापन झालेले नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आणि शहरालगतच्या ग्रामपंचायती यांनी हे काम एकत्र बसून हाती घ्यावे. हद्दवाढ व्हावी की न व्हावी, हा आजचा आमचा विषय नव्हे. हद्दीची रेषा कोठेही पडो. ओढ्याचे पाणी आणि आगीचा लोळ ती रेषा जुमानीत नाहीत. प्रारंभ सार्वजनिक वास्तूंपासून व नव्या बहुमजली इमारतींपासून करावा. इमारत प्रत्यक्ष जशी बांधली गेली, तशी तिची नोंद दाखल झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. कळंब्यास हे प्रथम करावे. कारण तेथे अजून पुष्कळ बांधावयाचे आहे आणि जे अद्याप बांधावयाचे आहे त्याची नोंद ठेवणे सर्वांत सोपे आहे.

जमिनीच्या वीतभर तुकड्याचा सात-बारा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या आणि शेकडो माणसांना पोटात घेणाऱ्या इमारतीचा उतारा मात्र कोठेच नसावा, ही विसंगती यापुढे चालू देणे करवीरास शोभणारे नाही.