राजाला भ्या वाटत नाही का?
गेल्या रविवारी गंगाखेडच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली, तर ‘चांदोबा’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक निघाले. सात वर्षांची भाची विक्रम-वेताळाच्या पानाशी अडकली. मी मुद्दाम गोष्ट सांगितली नाही, मजकुरावर तळहात ठेवला आणि विचारलं, “काय चाललंय इथं?” खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, भोवती रान. बराच वेळ बोट फिरवून ती म्हणाली, “मामा, राजाला भ्या वाटत नाही का?” हे चित्र ‘चांदोबा’चे चित्रकार शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. जन्म १९२४ चा. २०२० मध्ये गेले तेव्हा ९६ वर्षांचे होते. मद्रासमध्ये काढलेला त्यांचा राजा आमच्या गोदाकाठापर्यंत पोचला, कारण आवृत्तीगणिक अंकाची भाषा बदलायची, चित्रं तीच राहायची. मुलांना चित्रं दाखवताना आपण फार घाईने पान उलटतो. एकाच चित्रापाशी दहा मिनिटं रेंगाळू द्यावं त्यांना. दीनानाथ दलालांची, रघुवीर मुळगावकरांची चित्रंही समोर ठेवावीत, पातळ कागद लावून रेषा गिरवू द्यावी. संध्याकाळी भाचीने स्वतःचा विक्रम काढला. तलवार राजापेक्षा लांब झाली होती आणि वेताळ चक्क हसत होता.